जमाखर्च विजेचाही असतो

आमच्या धायरीत शेजारचा एक मुलगा आयटीआय करतो. सुट्टीच्या दिवशी लिथियम सेल आणि बाजारात मिळणारे छोटे बूस्ट सर्किट जोडून तो मोबाईल चार्ज करायचे डबे बनवतो. पहिला डबा त्याने रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना विकला. मीटरवर बरोबर ५ व्होल्ट दिसले होते, पण काकांचा मोबाईल काही चार्ज होईना. पोरगा हिरमुसून माझ्याकडे आला.

मी बी.कॉम. झालेला कारकून. पण जमाखर्च मला कळतो, आणि विजेचाही जमाखर्च जुळावाच लागतो. हे सर्किट व्होल्ट वाढवते, शक्ती वाढवत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्टला १ अँपिअर द्यायचा तर ५ वॅट लागणार. ३.७ व्होल्टच्या सेलमधून त्यासाठी, उष्णतेत जाणारी घट धरून, सुमारे दीड अँपिअर ओढला जातो.

रिकाम्या सर्किटचे व्होल्ट मोजणे म्हणजे ओझे न देताच हमालाची ताकद सांगणे! म्हणून आम्ही भार लावला. १० ओहमचा, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला की अर्धा अँपिअर जातो. तसे दोन समांतर जोडले की एक अँपिअर. एकावर आकडा टिकला, दोनावर ४ व्होल्टवर घसरला. मग सेलपाशी मोजले, ३.८. सर्किटच्या तोंडाशी मोजले, ३.१! मधल्या बारीक तारेने आणि सैल होल्डरनेच जवळजवळ पाऊण व्होल्ट खाल्ला होता. जाड, आखूड तार नीट डाखली, तेव्हा आकडा ४.९ वर स्थिरावला. दहा मिनिटे तसाच ठेवून पाहिला. ४.७५ च्या खाली गेला तर माल नापास समजावा.

घरी करून पाहणाऱ्यांनी जपावे. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नये. मीटर अँपिअरवर ठेवून सेलच्या दोन टोकांना कधीही लावू नये. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरवू नये. स्क्रू फिरवून व्होल्ट बदलणारे सर्किट असेल तर आधी ५ वर लावावे, मगच मोबाईल जोडावा.

मुलाने काकांकडे जाऊन चूक कबूल केली, डबा दुरुस्त करून दिला. काकांनी पैसे परत मागितले नाहीत, उलट आणखी एक डबा सांगितला. आपल्या मुलांजवळ भांडवल नसते, विश्वास हेच त्यांचे भांडवल. तो मोजून-मापूनच जपावा लागतो.