सिंगरौलीचा कोळसा, न्यूकॅसलचा भाव

इंदूरच्या घराघरांत दर महिन्याला पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे बिल येते. त्यात इंधन आणि वीजखरेदी समायोजन अधिभाराची एक ओळ असते. टक्का कधी वाढतो, कधी उतरतो. का, ते बिलात लिहिलेले नसते. डिसेंबर 2022च्या केंद्रीय नियमांनी हा खर्च दर महिन्याला आपोआप ग्राहकाकडे वळवण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला कोळसा महागला, तर त्याची झळ राजवाड्यामागच्या गल्लीतही पोचू शकते.

2022 साल आठवून पाहावे. जानेवारीत इंडोनेशियाने स्वतःच्या वीजकेंद्रांसाठी कोळशाची निर्यात थांबवली. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि 10 ऑगस्टपासून युरोपीय संघाने रशियन कोळसा पूर्ण बंद केला. मग युरोपातले खरेदीदार दक्षिण आफ्रिका, कोलंबिया, ऑस्ट्रेलियाच्या दारात उभे राहिले. 2020च्या मंदीत टनाला 50 डॉलरच्या आसपास असलेला ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराचा भाव सप्टेंबर 2022मध्ये 400 डॉलरच्या पार गेला.

सर्वांत बोलका अनुभव पोलंडचा. हा देश युरोपीय संघातला दगडी कोळशाचा सर्वांत मोठा उत्पादक. तिथल्या खाणींतला बराचसा कोळसा वीजकेंद्रांकडे जातो. घरे तापवणाऱ्या शेगड्यांसाठी मात्र रशियाचा स्वस्त कोळसा येत असे. तो थांबला आणि ऐन ऑगस्टच्या उन्हात बोगदांका खाणीबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. माणसे रात्री गाडीतच काढत होती. सरकारने कोळशावर घर तापवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला 3 हजार झ्लॉटी दिले आणि लांबलांबच्या देशांतून जहाजे मागवली.

मध्य प्रदेशाची गत फार वेगळी नाही. देशाच्या कोळसा उत्पादनात हे राज्य पहिल्या चारांत आहे. सिंगरौलीच्या खाणी देशभर कोळसा पाठवतात. तरी 2022च्या उन्हाळ्यात केंद्राने राज्यांना सांगितले, 10 टक्के कोळसा परदेशी मिसळा. पुढे हे प्रमाण 6 टक्क्यांवर आले. इंडोनेशियाचा कोळसा न्यूकॅसलपेक्षा स्वस्त खरा, पण कोल इंडियाच्या साधारण दीड हजार रुपये टनाच्या सरासरी भावापुढे तोही कैक पटींनी महाग होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते अर्धेच खरे. त्या उन्हाळ्यात विजेची मागणी अचानक चढली आणि खाणीपासून केंद्रापर्यंत कोळसा नेणाऱ्या मालगाड्या कमी पडल्या. रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द करून कोळशाला वाट करून दिली. सिंगरौली राज्याच्या पूर्व टोकाला आणि 2,520 मेगावॅटचे सिंगाजी केंद्र पश्चिमेला, खंडवा जिल्ह्यात. मधल्या रुळांवर आणि यार्डांवर वेळेत पैसा लागला असता, तर परदेशी कोळशाचा भुर्दंड पुष्कळ टळला असता. पोलाद उद्योगाला लागणारा कोकिंग कोळसा बाहेरून आणणे भागच आहे, त्याला देशात पुरेसा पर्याय नाही. वीजकेंद्रांच्या कोळशाला तो बचाव लागू होत नाही.

आकडेही तेच सांगतात. 2024-25मध्ये देशाचे उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले आणि आयात आदल्या वर्षीच्या सुमारे 26 कोटी टनांवरून 24 कोटींवर उतरली. घरचा कोळसा केंद्रांपर्यंत पोचला की बंदरातला ढीग आपोआप लहान होतो.

इंदूरने स्वतःपुरता एक शहाणा मार्ग धरला आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढवून आणायला महापालिकेला प्रचंड वीज लागते. त्यासाठी फेब्रुवारी 2023मध्ये महापालिकेने 244 कोटी रुपयांचे हरित रोखे थेट जनतेला विकले, ते जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. उन्हाचा भाव न्यूकॅसलला ठरत नाही.

घरगुती ग्राहकाकडे असे रोखे नाहीत, पण हरकत नोंदवण्याचा हक्क आहे. राज्य विद्युत नियामक आयोग वीजदराच्या याचिकांवर नागरिकांच्या हरकती मागवतो. पुढच्या वेळी इंदूरकरांनी तिथे एकच मागणी लावून धरावी: अधिभाराच्या ओळीखाली देशी कोळसा किती, परदेशी किती आणि रेल्वेभाडे किती, हे तीन आकडे वेगवेगळे छापा.