खेळ हाही उपचार

बाहुली तापाने फणफणली आहे, तिला औषध द्यावे. पण सुई टोचू नये, असे भातुकलीत बजावणारे मूल पुष्कळदा आपलेच भय बोलून दाखवीत असते. वडीलधारी मंडळी मात्र तो पोरखेळ म्हणून सोडून देतात. मग तेच मूल हट्टास पेटले अथवा अबोल झाले, म्हणजे त्याच्या वाट्यास बोलणी येतात.

मनाच्या दुखण्यावर खेळाचा उपचार ही नवी कल्पना नव्हे. डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली लंडनमध्ये बालकांसाठी चिकित्सालय उघडले; तेथे वाळूच्या तबकात चिमुकली खेळणी मांडून मुले आपल्या अंतरीचे जग उभे करीत. अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. मुलाने पुढे व्हावे, मोठ्याने मागून चालावे, हे त्यांचे सूत्र. १९६४ साली बर्नार्ड गर्नी यांनी हीच रीत आईबापांस शिकविण्याचा पुरस्कार केला.

दुखणे खोल असेल तर तज्ज्ञांकडेच जावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आठवड्यातून अर्धा तास मुलांजवळ बसावे, उपदेश न करता, चुका न काढता, ती देतील ते सोंग घ्यावे, यास खर्च तो काय? शाळेतील खेळाचा तासही परीक्षेच्या निमित्ताने गणितास देऊन टाकू नये, अशी आम्हां विद्यार्थ्यांची गुरुजनांस नम्र विनंती आहे.