चौऱ्याऐंशी अधिक चौदा

२०२१च्या ऑगस्टमध्ये डोंबिवलीत कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने हे गणित घडाघडा म्हणून दाखवलं असतं. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये ८४ दिवस, दुसऱ्या डोसानंतर आणखी १४ दिवस, मग लोकल. एकूण ९८. ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं, की दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना स्वातंत्र्यदिनापासून लोकलने जाता येईल. एप्रिलपासून सामान्य माणसाला लोकल बंद होती. त्याआधीच्या वर्षातलं बंद-चालू-बंद तर विचारूच नका. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतके फटाके उडाले, की ते सगळे इमोजी होते म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी हिशेब मांडला गेला आणि फटाके थंडावले.

आमच्या घरचाच हिशेब सांगते. आप्पा, म्हणजे माझे सासरे, वय ८२. १ मार्चला साठीच्या पुढच्यांसाठी लसीकरण खुलं झालं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना डोस मिळाला. त्यांच्या वेळी अंतर २८ दिवसांचं होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये ते मोकळे. नवरा साठी ओलांडलेला, नुकताच निवृत्त झालेला, त्याचंही वेळेत झालं. मी पंचेचाळिशीच्या पुढच्या गटात. माझा पहिला डोस एप्रिलमधला, दुसऱ्याची वाट बघत असताना १३ मे रोजी अंतर एकदम १२ ते १६ आठवडे झालं, तरी जुलैत तोही पदरात पडला. आणि चौथा आमचा भाचा, वय २६. चिपळूणहून कामासाठी आला तो आमच्याकडेच राहतो. त्याला पहिला डोस मिळाला जुलैत.

म्हणजे १५ ऑगस्टला आमच्या घरातून लोकलमध्ये चढायला पात्र कोण? वीसेक वर्षांपूर्वी निवृत्त झालेले आप्पा, पेन्शनीचे कागद लावत बसलेला नवरा आणि घरी बसून मुद्रितं तपासणारी मी. अपात्र कोण? ज्याला रोज लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हजर व्हायचं होतं तो.

हे फक्त आमच्याकडेच झालं असतं तर आमचं नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या चार मजली इमारतीत जवळजवळ प्रत्येक दारामागे हीच वाटणी होती. ज्यांना कुठे जायचं नव्हतं त्यांना परवानगी, ज्यांना जायचं होतं त्यांना ९८ दिवस.

वयाप्रमाणे लस देण्यात काही चूक होती, असं मला वाटत नाही. म्हातारी माणसं जास्त मरत होती, त्यांना आधी द्यायलाच हवी होती. अंतर वाढवण्यामागेही कारण होतं. पहिल्या आणि दुसऱ्या डोसामध्ये अधिक काळ गेला तर कोविशिल्डचा परिणाम चांगला होतो, असं परदेशातल्या चाचण्यांतून दिसलं होतं. लसीचा तुटवडा होता हेही तितकंच खरं, आणि ही दोन्ही कारणं एकमेकांच्या हातात हात घालून आली, एवढंच मी म्हणेन. कोविशिल्ड बनत होती पुण्याच्या सीरममध्ये, आमच्यापासून तीन-चार तासांच्या रस्त्यावर. आणि १ मे रोजी १८ ते ४४ या गटाची लस सुरू करून महाराष्ट्राला ती बारा दिवसांत थांबवावी लागली. राज्यात या गटात पावणेसहा कोटींच्या आसपास माणसं, त्यांना लागणार १२ कोटी डोस. एकरकमी चेक द्यायची तयारी आहे, असं मुख्यमंत्री सांगत होते. चेक होता, माल नव्हता.

चूक झाली ती पुढे. लसीची रांग वयाची होती. तीच रांग उचलून सरकारने जशीच्या तशी लोकलच्या दाराला लावली. आजार कुणाला आधी गाठेल याचा क्रम एक असतो, पोट कुणाला आधी गाठतं याचा दुसरा.

भाच्याचं ते लॅमिंग्टन रोडवरचं दुकान जूनपासून उघडलं होतं. मुंबईत चारला शटर खाली, म्हणजे कामाचे तास कमी, पण हजेरी रोजची. भाचा डोंबिवलीहून नवी मुंबईच्या बसने वाशीला जायचा, तिथून बेस्टने पुढे. शिळफाट्याची कोंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जायला तीन तास, यायला तीन तास. आणि गंमत बघा, बसला डोस लागत नव्हता. लोकलमध्ये सव्वा तासात भायखळ्याला उतरणारा मुलगा विषाणूच्या दृष्टीने धोकादायक, आणि बंद काचांच्या एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये सहा तास घालवणारा तोच मुलगा चालण्यासारखा. शेवटी त्याने सेकंडहँड बाइक घेतली, हप्त्यांवर. मेच्या अखेरीसच मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली होती.

पैसे असले की गणित बदलायचं, हेही तेव्हाच कळलं. खासगी रुग्णालयात कोविशिल्ड ७८० रुपयांना, कोवॅक्सिन १४१०ला. कोवॅक्सिनचं अंतर २८ दिवसांचं. २८ अधिक १४, ४२ दिवसांत माणूस फलाटावर. लसीची निवड लोक कशावरून करतील याचे पुष्कळ अंदाज तज्ज्ञांनी बांधले असतील, पण ‘लवकर पास मिळतो’ हा निकष त्यात कुणी धरला होता की नाही कोण जाणे. भाच्याने १४१० गुणिले दोन केलं आणि बाइकच्या हप्त्याकडे बघून गप्प बसला.

पण खरी चीड मला आली ती वेगळ्याच एका आदेशाने. जूनमध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना कोविशिल्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतरही घेता येईल. खेळाडूंचं समजू शकते. परदेशी जाणाऱ्या मुलांचं वर्ष वाया जाऊ नये हेही बरोबर. पण मग बोस्टनला जाणाऱ्याला २८ दिवस आणि भायखळ्याला जाणाऱ्याला ८४, हे कुठल्या शास्त्रात बसतं? वर्ष वाया जाणं मोजता येतं, रोज बुडणं मोजायची पद्धत आपल्याकडे नाही, असंच ना?

(भायखळ्याचं नाव निघालं म्हणून सांगते. याच भागातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सगळ्यात आधी कुणी टोचून घ्यायची, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्याने तो फारच सोपा करून टाकला.)

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई दिव्याच्या. दिवा ते डोंबिवली लोकलने किती, तर बसायला जागा शोधेपर्यंत उतरायची वेळ येते. रस्त्याने यायचं तर शिळफाट्याला वळसा घालून, शेअर रिक्षा बदलत. त्या पस्तिशीतल्या, म्हणजे पुन्हा जुलै, पुन्हा ९८. शिवाय त्यांची नोंदणी हे एक वेगळंच प्रकरण होतं. कोविनवर एका मोबाइल नंबरवर चारच नावं बसायची. आमच्या नंबरवर आम्ही चौघं, म्हणजे फुल्ल. म्हणून ताईंचं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या फोनवर टाकलं. डोस घ्यायला ताई केंद्रावर, ओटीपी शेजारणीच्या फोनवर आणि शेजारीण फोन चार्जिंगला लावून गच्चीत वाळवणं घालायला. नर्सने पुढच्याला बोलावलं, ताई बाजूला उभ्या. ओटीपी पोचेपर्यंत तीन माणसं टोचून गेली. बरं, सर्टिफिकेटही शेजारणीच्याच फोनवर आलं. प्रिंट काढून, आधार कार्डाएवढं करून, लॅमिनेट करून ताईंच्या हातात दिलं तेव्हा कुठे त्या ‘लस घेतलेल्या’ झाल्या. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांचा तो सुगीचा काळ होता.

लोक उतावीळ होते, त्याचा फायदा घेणारेही निघाले. मेच्या शेवटी कांदिवलीतल्या एका सोसायटीत पैसे घेऊन शिबिर भरलं, शेकडो रहिवाशांनी दंड पुढे केले. नंतर संशय कशावरून आला, तर कुणालाच ताप आला नाही. अंग दुखलं नाही. सर्टिफिकेटांवर भलत्याच रुग्णालयांची नावं. पुढे सगळं बनावट असल्याचं उघड झालं. त्या दिवसांत आम्ही एकमेकांना ‘ताप आला का?’ असं आनंदाने विचारायचो आणि ‘आला ना, १०१!’ असं उत्तर मिळालं की समाधान वाटायचं. यापूर्वी किंवा यानंतर तापाला इतकी प्रतिष्ठा मिळालेली मी पाहिलेली नाही.

आप्पांनी ११ ऑगस्टलाच स्टेशन गाठलं. महापालिकेचे कर्मचारी टेबल मांडून बसले होते. सर्टिफिकेटची प्रत, फोटो ओळखपत्र, कोड तपासून शिक्का, आणि तो कागद दाखवून खिडकीवर पास. साधं तिकीट मिळत नव्हतं, घ्यायचा तर महिन्याचा पास. ठाण्याला एका बारशाला जायचं असलं तरी महिन्याचा पास. (तिकिटं मिळायला लागली ती थेट ऑक्टोबरच्या शेवटी.) चाळीस वर्षं याच मार्गावर धक्के खाल्लेल्या आप्पांनी पास घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि टेबलापाशी परत येऊन विचारलं, ‘‘हा माझ्या नातवाच्या नावावर करता येईल का? मला तसं काही काम नाही.’’

टेबलावरचा मुलगा भाच्याच्याच वयाचा असेल. म्हणाला, ‘‘आजोबा, डोस ट्रान्सफर होत नाही.’’

मग आप्पाच गेले. अकराच्या गाडीने दादरला, उतरून चहा, परतीच्या गाडीने घरी. खिडकी मिळाली म्हणून खूश. रात्री जेवताना त्यांनी मुंब्र्याच्या खाडीचं वर्णन सुरू केलं, तेव्हा भाचा ताटावरून न उठता फक्त हेल्मेटचा पट्टा शिवत बसला होता. आप्पांनी मग खाडी आवरती घेतली.

लोकलसाठीच्या या दोन डोसांच्या अटीवर नंतर उच्च न्यायालयातही पुष्कळ झालं. फेब्रुवारी २०२२मध्ये न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं, सरकारने जुने आदेश मागे घेतले आणि मार्च उजाडताच नवा आदेश काढून अट कायम ठेवली. सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिलला, गुढीपाडव्याला. आमच्या गणेश मंदिराच्या स्वागतयात्रेत त्या वर्षी ढोलाला जरा जास्तच जोर होता.

भाच्याचे ९८ दिवस ऑक्टोबरच्या मध्यात संपले होते. त्याच्या आधीच दुकानाच्या मालकाने नागपाड्याचा एक मुलगा ठेवला, पायी कामावर येणारा. मालकाला तरी काय दोष द्यायचा? भाच्याला पुढे ठाण्यात काम मिळालं. तिथे तो बाइकनेच जायला लागला. हप्ते भरतोय तर वापरायला नको का, असं त्याचं म्हणणं.

२०२२च्या जुलैत सरकारने अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना ७५ दिवस बूस्टर डोस फुकट द्यायचं ठरवलं. आमच्या जवळच्या केंद्रावर मी डोकावले. वर्षापूर्वी पहाटे टोकनसाठी जिथे माणसांची वेटोळी असायची, तिथे दोन नर्स गप्पा मारत बसल्या होत्या. आप्पांनी त्यांचा तिसरा डोस जानेवारीतच घेतला होता. संध्याकाळी ते भाच्याच्या मागे लागले, ‘‘अरे चल, मी येतो बरोबर. रांग नाही, टोकन नाही, पैसे नाहीत.’’

भाचा बूट काढत होता. त्याने मान वर करून विचारलं, ‘‘आजोबा, त्यावर आता काय सुरू होणारेय?’’