आटोपशीर कर्नल आणि काळा पडदा
लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि उपयोजने यांच्यामध्ये राहून स्मृती, प्रक्रिया व उपकरणे यांचे नियमन करणारा प्रणालीचा गाभा, लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आज त्यात हजारो उपकरणे चालवणारे ड्रायव्हर असले तरी एखाद्या ठरावीक संगणकाला त्यांपैकी मोजकेच लागतात. स्वतःपुरता कर्नल घडवताना बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच अंतर्भूत करता येतात, गरजेनुसार चढवायचे मॉड्यूल म्हणून वेगळे ठेवता येतात किंवा वगळता येतात. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा तर त्या क्षणी चढलेली मॉड्यूल पाहून उरलेली गाळते, त्यामुळे ती देताना नेहमीची उपकरणे जोडलेली असणे इष्ट ठरते. खरी कसोटी लागते ती ग्राफिक्सच्या बाबतीत, कारण ‘एएमडीजीपीयू’सारख्या ड्रायव्हरला फर्मवेअर, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये भरावयाची स्वतंत्र आज्ञावली, आवश्यक असते, आणि ड्रायव्हर गाभ्यात अंतर्भूत असल्यास तो मूळ फाइलप्रणाली जोडली जाण्यापूर्वीच फर्मवेअरचा शोध घेतो; ते न सापडल्यास संगणक सुरू होऊनही पडदा काळा राहू शकतो. यावर उपाय म्हणजे ते फर्मवेअर कर्नलमध्ये किंवा आरंभीच्या तात्पुरत्या फाइलप्रणालीत, अर्थात ‘इनिटरॅमएफएस’मध्ये, समाविष्ट करणे, अथवा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवून तो नंतर चढवणे. तात्पर्य, कर्नल लहान करण्यात वगळण्याइतकेच परस्परावलंबनाचे आणि क्रमाचे ज्ञान महत्त्वाचे असते.