बंद टॉवरचे दिवस परत द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

महोदय,

कंपनीच्या 198 या क्रमांकावर तक्रारी करून झाल्या, अपिलेही करून झाली. कंपनीकडून येणारा मेसेज ठरलेला : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ टॉवर बंदच. अपील ऐकणारा अधिकारी त्याच कंपनीचा, आणि ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. म्हणून हे खुले पत्र.

राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीत लाइट गेली की काही वेळात टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज जाते. पावसात ती दुसऱ्या दिवशीही येत नाही. रेशन दुकानात ई-पॉस मशीन अडून बसते आणि अंगठा द्यायला आलेली म्हातारी माणसे संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जातात. कोणाच्या छातीत कळ आली तर 108 ला फोन लावायला पोराला सड्यावर पळवावे लागते. पॅकची मुदत मात्र या काळातही सरतच असते. रेंज आली की पहिला मेसेज येतो तो रिचार्ज संपत आल्याचा.

कंपनीचे जे चांगले आहे त्याला चांगलेच म्हणतो. रत्नागिरीत, पुण्यात याच सिमवर इंटरनेट उत्तम चालते. रोमिंगचा खर्च गेला, देशभरचे बोलणे पॅकमध्येच आले. 2016 पूर्वी जेवढा डेटा महिनाभर पुरवून वापरायचो, तेवढा आता दिवसाला मिळतो. हे सारे मान्य. पण हे सगळे टॉवर चालू असेल तेव्हाचे.

आता पैशांचे पाहा. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा 239 चा, एअरटेलचा 265 चा, व्हीआयचा 269 चा पॅक, तिन्ही 299 वर आले. मुदत 28 दिवस. म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज, 3,887 रुपये. कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे 3,588 झाले असते. एका सिममागे 299 जादा, घरात चार सिम असतील तर 1,196. दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा किमान एक पॅक ठेवा, असा आदेश तुम्हीच 2022 मध्ये काढलात. आमच्या बाजारातल्या दुकानात आजही पुढे केला जातो तो 28 दिवसांचाच.

‘कंपनी बदला’ असे सांगितले जाते. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय जानेवारी 2011 पासून देशभर आहे, चांगली आहे. पण ज्या वाडीत एकाच टॉवरची रेंज पोचते, तिथे बदलून जायचे कुठे?

महोदय, मूळ दुखणे तुमच्या 2024 च्या सेवा-दर्जाच्या नियमांत आहे. सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली तर प्रीपेड ग्राहकाची मुदत वाढवून द्यावी, असे तुम्ही लिहिलेत. पण मोजमाप धरलेत जिल्ह्याचे. नैसर्गिक आपत्ती असेल तर तेही लागू नाही. आमचा एक टॉवर आठवडाभर बंद पडला तरी रत्नागिरी जिल्हा काही बंद पडत नाही. म्हणजे ज्यांना सर्वाधिक त्रास, त्यांना भरपाई कधीच नाही. हा नियम करताना एका टॉवरवर जगणाऱ्या गावांचा विचार झालाच नाही, असा माझा थेट आरोप आहे.

2015 मध्ये तुम्ही तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई ठरवली होती. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हा निदान ग्राहकाच्या बाजूने उभे राहिला होतात. आता पुन्हा उभे राहा, या वेळी नियम न्यायालयात टिकेल असा करा. टॉवर किती वेळ बंद होता याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असतेच. जिल्ह्याऐवजी टॉवर धरून बंद काळ मोजा आणि तेवढी मुदत ग्राहकाने अर्ज न करता वाढली पाहिजे, असे बंधन घाला. ग्राहकाने होकार दिल्याशिवाय तक्रार बंद करण्यास मनाई करा.

28 दिवसांचे पैसे घेतले तर 28 दिवस सेवा द्यायला हवी. जो दिवस दिला नाही, त्याचे पैसे ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.

आपला,
राजापूर तालुक्यातील एक ग्राहक