ॲक्झोलॉटल पाळावा काय?

मनुष्य प्राणी पाळूं लागला तो उपयोगासाठीं; हौसेसाठीं पाळणें मागाहून आलें. गाय, बैल, शेळी, कुत्रा हीं जनावरें आपल्या हवेंत वाढलेलीं, आपल्या दारचा चारा-भाकर खाणारीं व आपल्या उन्हाळ्याशीं परिचित असलेलीं. त्यांचें दुखणेंखुपणें घरांतील वडील माणसांस कळतें. परंतु हल्लीं कांचेच्या टाक्यांतून जे परदेशी जीव घरांत येऊं लागले आहेत, त्यांविषयीं असें म्हणतां येत नाहीं. अशांपैकींच एक ॲक्झोलॉटल होय. ‘माइनक्राफ्ट’ नांवाच्या संगणकावरील खेळांत २०२१ सालीं तो आला, आणि तेव्हांपासून त्याचें हंसरें तोंड मुलांच्या ओळखीचें झालें. मोठ्या शहरांतील शोभेच्या माशांच्या दुकानांत तो जिवंतहि विकत मिळतो. धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या मुलानें “मला तो हवा” असा हट्ट धरिला, तर आईबापांनीं काय उत्तर द्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हा प्राणी कोण तें पाहूं. तो मासा नव्हे. बेडकाप्रमाणें उभयचर वर्गांतील आहे. बेडकाचें पिल्लू मोठें होतांना शेपूट व कल्ले टाकून जमिनीवर येतें. ॲक्झोलॉटल मात्र बहुधा जन्मभर पिल्लाच्याच रूपांत, डोक्यामागें पिसांसारखे कल्ले मिरवीत, पाण्यांतच राहतो. त्याचा तुटलेला पाय पुन्हा फुटतो. शेपूट आणि हृदयाचा कांहीं भागहि भरून येतो. या गुणामुळें शास्त्रज्ञांस त्याचें फार मोल वाटतें. १८६४ सालीं ३४ जिवंत ॲक्झोलॉटल मेक्सिकोहून पॅरिसला नेण्यांत आले. आज जगांतील प्रयोगशाळांत दिसणारे बहुतेक त्यांचेच वंशज आहेत.

त्याचें मूळ घर म्हणजे मेक्सिको शहराच्या दक्षिणेस असलेले सोचिमिल्को येथील कालवे. समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवरील तें थंड पाणी. या कालव्यांत १९९८ सालीं दर चौरस किलोमीटरास सुमारें ६,००० ॲक्झोलॉटल असल्याचा अंदाज होता. २०१४ सालच्या पाहणींत तो आंकडा अवघ्या ३६ वर आला. शहराच्या सांडपाण्यानें त्यांचें पाणी नासलें, आणि माणसांनीं बाहेरून आणून सोडलेल्या कार्प व तिलापिया माशांनीं त्यांचीं अंडीं-पिल्लें खाल्लीं. २०२१ सालीं ज्या देशानें आपल्या ५० पेसोंच्या नोटेवर त्याचें चित्र छापलें, त्याच देशांत तो नामशेष होण्याच्या वाटेवर आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. या जीवास १६ ते १८ अंश सेल्सियस एवढें थंड पाणी मानवतें. पाणी २४ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलें, तर तो अन्न टाकतो, त्याच्या अंगावर बुरशी धरते व अखेर तो मरतो. आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला असला, तरी एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. अशा दिवसांत घरांतील टाकीचें पाणी कसें राहील, हें सांगावयास नको. माठ ज्या नियमानें थंड होतो, त्याच नियमानें टाकीवर पंख्याचा वारा सोडला असतां पाणी दोन-चार अंशांनीं उतरतें. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. पाणी थंड करणारें विजेचें यंत्र मिळतें, पण तें महाग असतें, आणि ऐन उन्हाळ्यांत वीज गेली म्हणजे तेंहि निरुपयोगी होतें. म्हणून आमचें मत स्पष्ट आहे : ज्या घरांत बारा महिने पाणी थंड राखण्याची खात्रीची सोय नाहीं, त्या घरीं हा प्राणी आणूं नये. आणि अशी सोय असलेलीं घरें आपल्याकडे फारच थोडीं.

कोणी म्हणेल, तो तर सदा हंसतमुख दिसतो, मग दुःखी कसा? बालमित्रहो, तें हंसणें त्याच्या तोंडाच्या ठेवणीचें आहे, सुखाचें नव्हे. पाणी तापून तो मरणाच्या दारीं आला, तरी तें तोंड तसेंच हंसरें दिसतें. ज्याचें दुःख चेहऱ्यावर उमटत नाहीं, त्याच्याविषयीं आपली जबाबदारी अधिक असते. पाय तोडला तरी पुन्हा फुटतो, म्हणून त्यास इजा झाली तरी चालेल, असें समजणें हाहि निर्दयपणाच होय.

तथापि ज्यांच्या घरीं तो आधींच आला आहे, त्यांनीं पुढील गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. त्यास हातांत घेऊं नये. त्याची त्वचा अतिशय नाजूक असून तिच्यावर रक्षण करणारा बुळबुळीत थर असतो. कोरड्या हातानें तो निघून जातो, आणि हाताचा साबण किंवा तेल त्याच्या शरीरांत शिरतें. छायाचित्रासाठीं त्यास पाण्याबाहेर काढणें तर सर्वस्वी वर्ज्य समजावें. हलविणें भागच पडलें, तर पाण्यांत एक भांडें बुडवून त्यांत त्यास हळूच वळवावें व पाण्यासकट उचलावें. टाकीचें काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, कारण अशा प्राण्यांपासून माणसांसहि रोगजंतूंची बाधा होऊं शकते.

एका मोठ्या प्राण्यास निदान ७५ ते १०० लिटर पाण्याची टाकी असावी. त्याच्या मळापासून अमोनिया नांवाचें विष तयार होतें. तें पचविणारे सूक्ष्म जंतु गाळणींत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. यास्तव टाकी आधीं तयार करावी व प्राणी मागाहून आणावा. दर आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन औषधानें घालविल्यावांचून तें टाकींत ओतूं नये. काढलेलें पाणी फेंकूं नये, परसांतील झाडांस घालावें. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यास हें शिकविण्याची गरज नाहीं. तळाशीं खडे घालूं नयेत, कारण तो ते गिळतो. तळ मोकळा तरी ठेवावा किंवा अगदीं बारीक वाळू घालावी. त्यास पापण्या नसल्यामुळें प्रखर दिवा सोसत नाहीं. लपण्यास आडोसा द्यावा. सोबत मासे ठेवूं नयेत. मोठ्या प्राण्यास दोन-तीन दिवसांआड गांडुळें द्यावींत. मात्र औषध फवारलेल्या सोयाबीनच्या शेतांतील गांडुळें देऊं नयेत. कल्ले पुढें वळलेले दिसले, त्यांवर पांढरा कापूस आल्यासारखें झालें किंवा त्यानें अन्न टाकलें, तर प्रथम पाण्याची उष्णता मोजावी. ती वाढली असल्यास बर्फाची बंद बाटली टाकींत तरंगत ठेवावी. बर्फ सुटा टाकूं नये, व पाणी एकदम न उतरवितां हळूहळू उतरवावें.

कायद्याचीहि एक बाब आहे. या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ सालापासून सायटीस करारान्वयें नियंत्रण आहे. आपल्या देशांतहि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर व २०२४ सालच्या नियमांनंतर असा प्राणी बाळगणारानें सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंद करणें आवश्यक आहे. दुकानदारानें सांगितलें नाहीं, ही सबब पालकांस शोभणारी नाहीं.

आणि कितीहि कंटाळा आला, तरी त्यास विहिरींत, तळ्यांत किंवा तेरणा-बोरीच्या पात्रांत सोडूं नये. तेथें तो बहुधा उन्हानें मरेल. पण मरण्यापूर्वीं आपले रोग तेथील बेडकांस देऊन जाईल. परका जीव पाण्यांत सोडल्यानें काय होतें, हें पाहण्यास मेक्सिकोला जावयास नको. ज्या तिलापियानें सोचिमिल्कोचा घात केला, तोच आपल्या शेजारच्या उजनी जलाशयांत चिलापी या नांवानें फोफावला आहे.

“मग मुलांस प्राण्यांची गोडी लागावी कशी?” असा प्रश्न राहतो, व तो रास्त आहे. त्याचें उत्तर आपल्या दारींच आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, कीं डबक्यांत पिवळेधमक नर बेडूक ओरडूं लागतात. कांहीं दिवसांत त्याच पाण्यांत त्यांचीं पिल्लें दिसतात, त्यांस पाय फुटतात, शेपूट आटतें. ॲक्झोलॉटल जें रूपांतर करीत नाहीं, तें येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. आणि त्यासाठीं टाकी, यंत्र, पैसा कांहींच लागत नाहीं. येडशीजवळच्या रामलिंगाच्या घाटांत ओढे वाहूं लागल्यावर मुलांस एक दिवस घेऊन जावें, वही द्यावी, पाहिलेलें लिहून काढण्यास सांगावें. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या सरकारनें १९८७ सालीं बंद केली, ती कां, हेंहि त्यांस समजावून द्यावें.

शेवटीं पालकांस एकच विनंती. मुलाची हौस बहुधा दोन महिन्यांत ओसरते. हा प्राणी मात्र दहा-पंधरा वर्षें जगूं शकतो, आणि मग टाकी धुण्याचें काम आईच्या वाट्यास येतें. यास्तव विकत घेण्यापूर्वीं मुलाच्या हातीं उष्णतामापक द्यावा व वैशाखांतील आठ दिवस घरांतील पाण्याच्या बादलीची उष्णता दुपारीं मोजून लिहावयास सांगावें. तो आंकडा १८ च्या जवळ आला नाहीं, तर नकार देण्याचें काम आईबापांस करावें लागणार नाहीं. मूल तो स्वतःच देईल. एखाद्या जीवावर प्रेम असूनहि त्यास आपल्या घरीं न आणणें, हेंहि प्रेमच आहे, एवढें ज्यास त्या आठ दिवसांत कळलें, त्याचें शिक्षण वाया गेलें नाहीं.