विश्लेषण : दारात गंजणारी ‘पद्मिनी’ भंगार की वारसा? कायद्यातील ३५ वर्षांची पोकळी काय आहे?

सोसायटीच्या कोपऱ्यात, वाड्याच्या मागे किंवा गॅरेजसमोरच्या गल्लीत हवा गेलेल्या चाकांवर उभी असलेली फिएट, अॅम्बॅसिडर किंवा कॉन्टेसा बहुतेकांनी पाहिलेली असते. मालक ती विकत नाही, दुरुस्त करत नाही आणि भंगारातही देत नाही. ‘एक दिवस करून घेऊ’ म्हणता म्हणता दहा पावसाळे निघून जातात. या गाड्यांचे नेमके काय होते आणि कायदा त्यांच्याकडे कसा पाहतो, याविषयी...

पद्मिनीचाच विषय का?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये १९६४ पासून फिएट ११०० डी तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि कोणत्याही नाक्यावर मिळणारा मेकॅनिक हे तिचे भांडवल. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. शहरात टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची हटली. त्या वेळी टॅक्सीचालकांच्या संघटनेला किमान एक तरी पद्मिनी जतन करा, अशी मागणी सरकारकडे करावी लागली. ज्या गाडीने शहराची ओळख घडवली, तिच्या हजारो प्रती भंगारात गेल्या. खासगी मालकांकडे उरलेल्यांपैकी किती तरी उघड्यावर उभ्या आहेत.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर का खराब होते?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. पाण्यात मीठ असेल तर त्याची विद्युतवाहकता वाढते आणि गंजण्याचा वेगही. म्हणूनच कुलाबा किंवा रत्नागिरीतील गाडी सोलापूरच्या गाडीपेक्षा लवकर सडते. अॅल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साईडचा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, तो ओलावा धरून ठेवतो. शिवाय मूळ धातूपेक्षा त्याचे आकारमान कित्येक पट असल्याने तो आतून रंग उचलतो. रंगावर छोटा फुगवटा दिसतो, तेव्हा खालचा पत्रा बराचसा खाल्लेला असतो.

त्या काळच्या पत्र्याला आजच्यासारखे जस्ताचे आवरण नसे. दरवाजांच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. गाडी चालत असेल, अधूनमधून धुतली जात असेल तर ती मोकळी राहतात. झाडाखाली उभ्या गाडीत ती पानांच्या कुजलेल्या लगद्याने बुजतात आणि दरवाजा आतून टाकीसारखा भरतो. डिकीच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे, पायाखालचा पत्रा हे भागही असेच जातात. इथे एक महत्त्वाची बाब आहे. फिएटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच गाडीचा सांगाडा असते. त्यामुळे दरवाजाखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर सडणे म्हणजे फक्त रूप बिघडणे नव्हे, गाडीचा कणाच मोडणे.

यांत्रिक भागांची गत वेगळी नाही. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर उरतो. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने त्यात भर टाकली आहे. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते आणि प्रमाण वाढले की पाण्यासह टाकीच्या तळाला वेगळे बसते. टाकी आतून गंजते, जुन्या धाटणीचे रबरी पाइप फुगतात. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल ओघळून गेले की पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात आणि इंजिन जाम होते. सीटमधील काथ्यात आणि वायरिंगमध्ये उंदरांचे संसार थाटले जातात, हे वेगळेच.

प्लास्टिकचे कव्हर तर अनेकदा शत्रूच ठरते. जमिनीतून वर येणारी वाफ त्याच्या आत अडकते, रात्री तिचे थेंब होतात आणि गाडी रोज आतून भिजते. काळजी म्हणून कव्हर घातलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा जास्त सडलेली निघू शकते.

मालक विकत का नाहीत?

भावना हे एक कारण, पण कागदपत्रे हे त्याहून मोठे. अनेक गाड्यांचे आरसी बुक आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते. नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. दु:खाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहात नाही आणि नंतर चार भावंडांच्या सह्या जमत नाहीत. खर्चाची अडचणही खरी आहे. १५ वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठीचे ६०० रुपयांचे शुल्क २०२२ मध्ये ५ हजार रुपये झाले. २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १० हजारांवर नेण्यात आले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. आणि हे सारे गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली तर.

‘विंटेज’ नोंदणीचा नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींना ती लागू आहे. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये, नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये शुल्क असून नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. जुना क्रमांक असलेल्या गाडीला तो कायम ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन किंवा देखभाल आणि इंधन भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला आणि व्यावसायिक वापराला मनाई आहे.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण वयाची. १९७४ मधील पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. १९९५ मधील गाडीला २०४५ पर्यंत थांबावे लागेल. म्हणजे नोंदणीची पहिली १५ वर्षे संपल्यापासून ‘विंटेज’ होईपर्यंत ३५ वर्षे ती कायद्याच्या नजरेत फक्त जुनी गाडी असते. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ यासाठी ३० वर्षांची अट ठेवते. आपण त्यावर आणखी २० वर्षे आणि २० पावसाळे ठेवले आहेत.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, पण तिची चर्चा कमी होते. विंटेज ठरण्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत, असे नियम सांगतो. हेतू योग्य आहे. जुन्या नावाखाली नवी गाडी उभी करण्याचे प्रकार त्यामुळे थांबतात. मात्र ३५ वर्षे उघड्यावर राहिलेल्या फिएटचे फ्लोअर आणि खालच्या पट्ट्या नव्याने घातल्याशिवाय ती चाकांवर उभीच राहात नाही. दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, याची रेषा स्पष्ट नसेल तर निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यावर सोडला जातो.

पोलीस ठाण्यांतील गाड्यांचे काय?

मुद्देमाल म्हणून जप्त केलेली वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे सडतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच अशी वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात अर्थ नाही, छायाचित्रे आणि पंचनामा करून योग्य हमीवर ती सोडावीत, असे सांगितले. कोणत्याही ठाण्याच्या मागे डोकावले की अंमलबजावणीची कल्पना येते.

सडलेली गाडी नेहमी चकचकीतच करावी का?

फ्रान्समध्ये २०१४ मध्ये बायों कुटुंबाच्या जागेत सुमारे ६० गाड्या सापडल्या. वाहतूक व्यावसायिक रोजे बायों यांनी संग्रहालयासाठी त्या जमवल्या होत्या. पण सत्तरच्या दशकात व्यवसाय कोसळला आणि गाड्या पत्र्याच्या शेडखाली पडून राहिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा धुळीसकट लिलाव झाला. त्यातील कॅलिफोर्निया स्पायडर फेरारीला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. तीही धूळ न पुसता. ‘फिवा’ची २०१२ मधील तुरिन सनदही मूळ धातू, रंग आणि खुणा शक्य तितक्या राखण्यावर भर देते.

पद्मिनीला असा भाव मिळणार नाही, हे उघड आहे. पण त्यामुळेच तिच्या बाबतीत सडण्यापूर्वीची काळजी दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. टाकी रिकामी करणे, बॅटरी काढणे, चाके जमिनीपासून उचलून गाडी स्टँडवर ठेवणे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडणे आणि महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवणे, एवढे मालकाला घरच्या घरी करता येते. दरवाजातील भोके तारेने मोकळी करायला दहा मिनिटे पुरतात. ती मात्र जूनच्या आधी हवीत.